पन्नीखालचं पाणी

४ ऑगस्ट, सोमवार

ही डायरी आमच्या मुलाला, पुष्करला, ऑफिसातून मिळाली, त्यानं मला दिली. आतापर्यंत तिच्यात दूधवाल्याचे खाडे सोडून काही लिहिलं नाही. आता नीट लिहावं म्हणतो. घरात काहीतरी चाललं आहे आणि मला कोणी सांगत नाही.

खालचा हॉल रिकामा केला. माझा झोपायचा तक्त आतल्या खोलीत ढकलला. हॉलची जुनी फरशी उकरून काढली आणि नवीन काँक्रीट टाकलं. आमची सून विनीता पलासिया भागातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपी करायची. ती नोकरी सोडून आता या हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांना व्यायाम शिकवणार आहे. त्यासाठी काँक्रीटवर लाकडाच्या पट्ट्या बसवायच्या, म्हणजे कोणी पडलं तर लागणार नाही. मी म्हटलं, पडूच नये असं काही करा. ती हसली. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

हॉलच्या खिडकीतून फाटक दिसतं. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या हातात काय होतं, सगळं कळतं. आतल्या खोलीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते. आमचे पणजोबा होळकरांच्या पागेत पहाऱ्यावर होते. मला टाकीवर पहारा दिला आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

पट्ट्या बसवणारा आला. नाव अर्पित. गॉगल डोक्यावर, घरात शिरला तरी काढला नाही. पुष्करला भिया म्हणतो, विनीताला भाभी म्हणतो, मला पाहताच पाया पडला. पहिल्या भेटीत पाया पडणाऱ्या माणसाकडे जरा लक्ष ठेवावं लागतं.

मग विनीतानं मला हॉलच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि कोपरापाशी पेन्सिलीनं खूण केली. अर्पितला म्हणाली, एवढ्या उंचीवर, तिन्ही भिंतींना. काय एवढ्या उंचीवर, मी विचारलं. म्हणते, गंमत आहे नाना, नंतर सांगते. माणसाची मापं घेऊन गंमत करतात हे मला माहीत नव्हतं.

दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो. त्यांना वाटलं झोपलो. दार लोटलेलं होतं, अर्पितचा आवाज आला.

"हॉल सील करना पड़ेगा भाभी. उसके बिना मैं हाथ नहीं लगाऊँगा."

विनीता नाशिकची, हिंदी अजून तिच्या जिभेवर बसलेली नाही. तरी बोलली ते मला स्पष्ट ऐकू आलं. "नाना को अभी मत बताना. उनको बाहर निकालना पड़ेगा, वो मानेंगे नहीं."

मी डोळे उघडले नाहीत. 

सील म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. आमची मिल बंद झाली त्या सकाळी स्टोअरच्या कुलपाला पांढरी चिंधी गुंडाळून वर लाखेचा शिक्का मारलेला होता. माझा जेवणाचा डबा आत राहिला. मागायला गेलो तर चौकीदार, ज्याला मी रोज तंबाखू देत होतो तो, म्हणाला, सील लग गई है, अब कोई अंदर नहीं जाएगा.

७ ऑगस्ट, गुरुवार

कृष्णपुऱ्याला होळकरांच्या छत्र्यांपाशी चिंतामण बसलेला असतो. मिलमधला जुना सोबती. त्याला नाव न घेता विचारलं, की एका ओळखीच्या माणसाचं घर सील होणार आहे, तर आधी काय काय होतं. तो म्हणाला, आधी इमारत खराब आहे असं दाखवतात. इथे तडा, तिथे पाणी. मग म्हणतात राहण्यालायक नाही, म्हाताऱ्यांना हलवा. त्याच्या साडूच्या बाबतीत असंच झालं. मग मला म्हणाला, "ओळखीचा माणूस इतका घाबरलाय तर त्याला म्हणावं, पाणी दिसू देऊ नकोस."

मी म्हटलं, सांगतो त्याला.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीचा दिवस, तरी अर्पित सकाळीच येऊन गेला. हॉलच्या मधोमध काँक्रीटवर एक पारदर्शक प्लॅस्टिकची पन्नी अंथरली, टॉवेलाएवढी, आणि चारी कडा टेपनं घट्ट चिकटवल्या. मंगळवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही म्हणाला. मी विचारलं, हे काय? "कुछ नहीं नानाजी, टेस्ट है. टेंशन मत लो."

रक्ताची टेस्ट केली तरी कागद देतात. ही कसली टेस्ट?

१० ऑगस्ट, रविवार

सगळे माझ्या बहिणीकडे जेवायला गेले. मी पोट बिघडलं म्हणून घरी राहिलो.

पन्नीच्या आत थेंब होते. आतल्या बाजूनं, बारीक बारीक, चहाच्या झाकणाला येतात तसे. हॉलमध्ये नळ नाही. छत कोरडं. खिडकी बंद. मग पाणी आलं कुठून?

टेप हळूच सोडवली. खाली काही लपवलेलं नव्हतं, पण पन्नीखालचं काँक्रीट काळंभोर झालं होतं आणि बाजूचं पांढरं. म्हणजे बरोबर तेवढ्याच चौकोनात कोणीतरी पाणी घातलं आहे. चिंतामण म्हणाला ते अक्षरशः समोर आलं.

पंच्यानं पन्नी पुसली, काँक्रीट पुसलं. टेबलपंखा आणून लावला. डाग फिका पडेपर्यंत बसलो. मग पन्नी होती तशी चिकटवली. अर्पितची टेप धरेना, म्हणून पुष्करच्या कपाटातली लावली. रंगात थोडा फरक आहे. एवढं कोण बघतं.

११ ऑगस्ट, सोमवार

परत थेंब.

शनिवारनंतर अर्पित घरात आलेला नाही. म्हणजे घालणारा घरातलाच आहे. पुष्कर सकाळी आठनंतर उठतो, माझ्या बायकोला, आनंदीला, वाकवत नाही. उरलं कोण ते लिहीत नाही. तिनं सकाळी मला स्वतः मऊ भात करून दिला, पोट बिघडलं म्हणून. भात खाल्ला. चांगला होता.

पुसायला खाली बसलो होतो तेवढ्यात आनंदीबाई दारात.

"अहो, गुडघे दुखतात म्हणून देवापुढे वाकत नाही आणि इथे काँक्रीटला साष्टांग?"

चष्मा पडला म्हटलं. ती म्हणाली, चष्मा नाकावर आहे, आणि गेली. पंखा कशासाठी चालू आहे हे तिनं विचारलं नाही. बायको प्रश्न विचारायची थांबली की जास्त काळजी वाटते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पहाटेच उठून पंखा लावून ठेवला होता. अर्पित यायच्या जरा आधी पन्नी चिकटवली आणि लांब जाऊन पेपर वाचत बसलो.

त्यानं टेप ओढली, पन्नी उजेडात धरली, काँक्रीटवर तळहात फिरवला. परत फिरवला. म्हणाला, "कमाल है. बाहर इतना पानी, और ये एकदम सूखा. सील नहीं है भाभी. तो सील करने की ज़रूरत भी नहीं."

मी पेपरच्या आड एक मोठा श्वास घेतला.

विनीता टेपेकडे पाहत होती. काही बोलेल असं वाटलं, पण तेवढ्यात पुष्कर म्हणाला, चला, मग गणपतीआधी काम होईल. तीही म्हणाली, बरं झालं, नानांना त्या वासाचा त्रास झाला असता, त्यांचा दमा आहे. कसला वास? घर सील झाल्यावर वास कुठून येतो?

असो. टळलं. घरात कोणाला कळलं नाही की कोणामुळे टळलं.

२० ऑगस्ट, बुधवार

पट्ट्या बसल्या. सागवानी रंग आहे, आतून लाकडाचा भुगा आणि गोंद. एकमेकींत खटाखट अडकतात, खिळा नाही. दिसतं छान. अनवाणी चाललं तर पायाला गार लागत नाही, हे कबूल करावं लागेल.

१ सप्टेंबर, सोमवार

विनीताचं काम सुरू झालं. पहिल्याच दिवशी तुकोगंजहून दोन बायका आणि एक रिटायर्ड मास्तर आले. तिन्ही भिंतींना लाकडी दांडा लावला आहे. धरून चाललो तर बरोबर माझ्या हाताला येतो. योगायोग असेल. मास्तरांना तो जरा खाली पडतो.

माझा तक्त परत खिडकीखाली आणला. ती म्हणाली, नाना, तुम्ही माझे पहिले पेशंट. मी काही आजारी नाही. लोकांना दाखवायला ठेवला असेल मला. पण फाटक दिसतं.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी तक्ताशेजारी पाय टेकला तर पट्टी कट्‌ करून बोलली. वाकून पाहिलं. दोन पट्ट्या जिथे जुळतात तिथे कडा वर उचलल्या होत्या, मोडलेल्या पापडासारख्या. हात लावला तर फुगीर. दुपारी दाराजवळही तसंच दिसलं. संध्याकाळी मधला सगळा भाग पोकळ वाजायला लागला.

पुष्कर पुन्हा पुन्हा त्याच पट्टीवर पाय दाबून पाहत होता. विनीता भिंतीशी टेकून उभी होती. 

१६ सप्टेंबर, मंगळवार

अर्पितला बोलावलं. पुष्करनं एक पट्टी उपटून दाखवली. खालून ओलीचिंब, बिस्कीट चहात बुडवल्यावर होतं तशी. कुबट वास. पुष्कर फार बोलला. माझा मुलगा असा बोलतो हे मला माहीत नव्हतं. फसवलंस, घाईत काम उरकलंस, माझ्या बायकोचं काम बुडवलंस.

अर्पितनं या वेळी गॉगल काढून हातात घेतला होता. एवढंच म्हणत राहिला, "भिया, पन्नी के नीचे एक बूँद नहीं थी. भाभी ने खुद देखा."

एवढं मात्र तो खरं बोलला. एक थेंब नव्हता. पण तो माझ्यामुळे नव्हता, त्याच्यामुळे नव्हे. त्याच्या बाजूनं बोलायचं मला काय कारण? मी तर पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मास्तर अडखळले. दांडा धरला म्हणून वाचले. विनीतानं त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि बाकीच्यांना फोन करून येऊ नका सांगितलं. आता पलासियाला परत जावं लागेल, असं आनंदीला सांगत होती. आणि दवाखान्यातले म्हणतील, आलीस ना परत.

मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी अर्पितला काम दिलं होतं, तेही काढून घेतलं म्हणतात. आमचं ऐकून. बरोबरच केलं.

मनाला बरं वाटत नाही मात्र.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज जेवताना जे झालं ते लिहून ठेवतो, कारण मला त्याचा अर्थ लागलेला नाही.

पुष्कर ताटाशेजारी फोन ठेवून कॉलनीच्या ग्रुपवर अर्पितबद्दल लिहीत होता, नाव नंबरासकट. एकेक वाक्य वाचून दाखवत होता. मला वाटलं, मुख्य मुद्दा राहतोय. मी म्हटलं, हेही लिही की त्यानं एकदाही पाणी पुसलं नाही.

"कसलं पाणी नाना?"

"पन्नीखालचं. मी रोज पुसत होतो, पंखा लावत होतो, म्हणून कोरडं होतं. त्यानं कधी पुसलं का? मी पुसायचं सोडलं आणि महिनाभरात लाकूड फुगलं. हिशेब सरळ आहे. हे लिही."

मला वाटलं, कोणीतरी म्हणेल, नाना, तुम्ही होता म्हणून.  पुष्करचा अंगठा फोनवर तसाच राहिला. विनीतानं वरणाची पळी परत पातेल्यात ठेवली.

आनंदी म्हणाली, "तरीच म्हटलं, चष्मा नाकावर होता."

मग पुष्करनं लिहिलेलं सगळं पुसून टाकलं, हात धुतला, अर्धं ताट टाकून स्कूटरची चावी घेतली. कुठे, विचारलं तर म्हणाला, अर्पितच्या घरी, माफी मागायला. फसवणाऱ्याची माफी? विनीता पदरानं तोंड झाकून बसली होती, खांदे हलत होते. हसते का रडते कळेना. शेवटी डोळे पुसून मला म्हणाली, "नाना, इतके दिवस तुम्ही एकटे तो हॉल वाळवत होता?"

घरासाठी केलं, मी म्हटलं.

 तिला काय कळलं ते तिनं सांगितलं नाही. यांचं सगळ्यांचं आपसात काहीतरी ठरलेलं आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्या पट्ट्या उचलल्या. तक्त परत आत. डॉक्टरांकडे पुष्कर स्वतः जाऊन आला, अर्पितचं काम त्याला परत मिळालं.

अर्पितनं हॉलमध्ये पुन्हा पन्नी लावली. या वेळी विनीतानं शेजारी खुर्ची ठेवली आणि म्हणाली, नाना, इथे बसायचं आणि कोणाला हात लावू द्यायचा नाही. अर्पित लांबून म्हणाला, "नानाजी, अबकी बार पोंछना मत. बस देखना." वर हसला. मी हसलो नाही. पहारा मला दिला ते ठीक, पण यांना एकदम पाणी का हवं झालं?

२४ सप्टेंबर, बुधवार

आलं. माझ्या डोळ्यांसमोर आलं. कोणीही आत आलं नव्हतं, मी खुर्ची सोडली ती फक्त एकदा, तेव्हाही दार ओढून घेतलं होतं. तरी पन्नीखाली धुकं जमलं, मग थेंब. खालून. हात शिवशिवत होते, ते मांडीखाली दाबून बसलो.

म्हणजे विनीतानं घातलं नव्हतं. तो भात आठवला.

अर्पितला बोलावलं. त्यानं पाहिलं आणि विनीताला ओरडून सांगितलं, "सील है भाभी! अब सील करेंगे." दोघं खूष. घराला पाणी लागलं म्हणून खूष होणारी माणसं मी आजच पाहिली.

सील करणार. टळलं नव्हतंच. जेवण गेलं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

अर्पितनं सकाळी हॉल झाडून डबे उघडले. उग्र वास. ब्रश लांब दांड्याला लावला आणि खिडकीकडच्या भिंतीपासून सुरुवात करणार तेवढ्यात मला म्हणाला, नानाजी, बाहेर या.

मी खुर्चीवर बसून राहिलो. पुष्कर म्हणाला, नाना, वास सोसणार नाही तुम्हांला, दोन दिवस वरच्या मजल्यावर चला. मी उठलो नाही. त्यानं दंड धरला तो मी सोडवला. आनंदी ओरडली, तरी नाही. मग विनीता आली, आणि काय होतंय नाना असं हळूच विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं.

"बाहेर गेलो तर परत आत कोण घेणार? सील लागल्यावर कोणाला घेत नाहीत."

"कुणी सांगितलं?"

"अर्पित ऑगस्टपासून म्हणतोय. आणि तू म्हणालीस, बाहेर काढावं लागेल."

अर्पितचा ब्रश हवेतच राहिला. आनंदीबाई दारात खाली बसली. म्हणाली, "अहो, भिंतीला येते ती सील. आणि ती दाबायला वरून लावतात तीही सीलच. या गावानं दोघींना एकच नाव दिलंय, त्यात या पोरीचा काय दोष?"

विनीता म्हणाली, आमच्याकडे ओल म्हणतात. जमिनीतून वर येते, काँक्रीटमधून, दिसत नाही. पन्नी लावली की दिसते. ती वर येऊ नये म्हणून हे लावायचं. बस, इतकंच.

मला समजलं. पन्नीवर थेंब का हवे होते तेही समजलं. मास्तर अडखळले ते डोळ्यांपुढे आलं, आणि अर्पितच्या हातातला गॉगल. त्याच्याकडे पाहवेना. तो म्हणाला, "छोड़ो नानाजी, हो गया." मी खाली पाहत राहिलो. पण तरी उठवेना. 

विनीता चपला काढून आत आली आणि माझ्या खुर्चीपाशी त्या उघड्या काँक्रीटवर बसली. "रविवारपर्यंत पुरतं वाळेल. मग पट्ट्या, आणि मग तक्त इथेच, खिडकीखाली. आधी तुम्ही आत यायचं, मग पेशंट."

मी म्हटलं, "लिहून देशील?"

पुष्करनं कपाळाला हात लावला. ती मात्र हसली नाही. अर्पितच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली आणि खिडकीखाली, तक्त असतो बरोबर तिथे, काँक्रीटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ही जागा नानांची.

मी दोनदा वाचलं आणि उठलो. तिचा हात धरून उंबऱ्याबाहेर आलो. अर्पितनं पहिला ब्रश त्याच अक्षरांवरून फिरवला. पाण्यासारखं पातळ होतं ते, अक्षरं खाली तशीच दिसत राहिली.

संध्याकाळी लक्षात आलं की खाली तिची सही घ्यायची राहिली. जाऊन पाहिलं, तर अक्षरांवरचा थर तोवर वाळला होता.